दुभाषीचं पोट

बहिऱ्या माणसांचं घर शांत असतं असा बाहेरच्यांचा समज असतो. असं घर ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना विचारा. दारं धाडकन आपटतात, खुर्च्या करकरत ओढल्या जातात, पातेली आदळतात, आणि यातलं काहीच कोणाच्या कानावर जात नाही म्हणून कोणी कोणावर ओरडतही नाही. अशा दणदणाटी घरात ती वाढली. आई बहिरी, बाबा बहिरे, ऐकू येणारी ती एकटी. कागदावर तिचं नाव काहीही असो, घरात तिला हाक मारायची ती हातानं. गालावर तर्जनी टेकवायची आणि किंचित फिरवायची. खळी. तान्ही असताना हसली की डाव्या गालाला खळी पडायची, तेच नाव होऊन बसलं. आपणही तिला खळीच म्हणू.

खळी आधी हातांनी बोलायला शिकली आणि मग तोंडानं. नीट चालता यायला लागल्यापासून ती आईचं म्हणणं दुकानदाराला सांगायची आणि दुकानदाराचं आईला. खुणांच्या भाषेत राग हा चेहऱ्यावर असतो, त्यामुळे आई चिडली की खळीलाही चिडावं लागे. टीचभर पोरगी डोळे वटारून उभी राहिली की दुकानातली माणसं खो खो हसायची. घरमालक, मीटर बघायला येणारा, दवाखान्यातली बाई, सगळ्यांच्या आणि आईबाबांच्या मध्ये ती उभी. शाळेतल्या बाई तिचीच तक्रार करायच्या तेव्हाही ती आईला सांगायची खळीच. तेवढ्यापुरती ती थोडी काटछाट करायची, हे तिनं पुढे मोठेपणी हसत हसत कबूल केलं.

बाबा पुस्तक-बांधणीच्या कारखान्यात होते. खळी चौथीत असताना ते आजारी पडले आणि इस्पितळातून घरी आलेच नाहीत. शेवटच्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले, त्यांनी आईकडे पाहिलं, मग खळीकडे पाहिलं आणि वाकून म्हणाले, "बाळ, आईला सांग, आता आमच्या हातात काही राहिलं नाही."

खळीनं डॉक्टरांच्या हातांकडे पाहिलं. खरंच रिकामे होते. मग तिला अर्थ उमगला. त्या अर्थाची खूण तिला कोणी शिकवली नव्हती. घड्याळ कायमचं बंद पडलं की बाबा जे हात करायचे तेच तिनं केले. बाबा. दुरुस्त होत नाही. आईनं भुवया वर करून पुन्हा विचारलं. खळीनं पुन्हा तेच सांगितलं.

थोड्या वेळानं ती इस्पितळाच्या जिन्यात ओकली. उपाशीपोटी काहीतरी खाल्लं असेल, असं सगळे म्हणाले.

अशा मुलीनं मोठं होऊन दुभाषी व्हावं यात कोणाला नवल वाटलं नाही. रीतसर शिकली, परीक्षा दिल्या, आणि वीस-बावीस वर्षं तिनं इस्पितळात आणि कोर्टात हेच काम केलं. या कामाचा पहिला नियम असा, की ज्याचं बोलणं सांगायचं त्याच्या तोंडचा 'मी' आपल्या तोंडी घ्यायचा. 'ते म्हणतायत त्यांना दुखतंय' असं नाही सांगायचं. 'मला दुखतंय' असं सांगायचं. खळी दिवसभर असे लोकांचे 'मी' होऊन बोले. मला मूल होणार नाही का? मी त्याला सुरा उचलताना पाहिलं. माझा पाय कापायलाच हवा का? संध्याकाळी घरी आली की हात धुवायची, जेवायची, आणि एक अक्षर सांगायची नाही. दुसऱ्यांच्या गोष्टी पोटात ठेवायच्या, हा त्या कामाचा दुसरा नियम.

तिचा नवरा बेकरीत भट्टीवर होता. त्याला आधी खुणा येत नव्हत्या. लग्न ठरलं तेव्हा सासूसाठी म्हणून शिकला, आणि पिठाच्या हातांनी बोलतो म्हणून त्याच्या खुणा नेहमी जाड्याभरड्या. आई त्यांच्याकडेच राहायची. तिघांचं बरं चाललं होतं.

मग एका दुपारी इस्पितळातून बोलावणं आलं. बोलावणं उशिरा आलं, एवढंच सांगायचं. खळी वॉर्डात पोचली तेव्हा पडद्यापलीकडे एक बाई शेवटच्या घटका मोजत होती. पडद्याअलीकडे तिचा बहिरा नवरा भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्यासमोर त्यांची मुलगी. पाठीवर दप्तर तसंच. मुलीचे हात छातीसमोर हवेत अधांतरी थांबलेले. डॉक्टर घाईत होते, थांबायला त्यांना वेळ नव्हता. जे सांगायचं ते या मुलीकडून सांगून घेऊन ते पुढच्या खाटेकडे गेले होते.

खळीच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून मुलीनं विचारलं, "मावशी, मी बरोबर सांगितलं ना? मी परत करून दाखवते. चुकलं असेल तर तुम्ही नीट सांगा बाबांना."

आणि तिनं करून दाखवलं. एकही खूण चुकली नव्हती.

"बरोबर सांगितलंस," खळी म्हणाली. आणखी काय म्हणणार! मग तिनं आपलं काम सुरू केलं, नर्सचं मुलीच्या बाबांना, त्यांचं नर्सला, सगळं व्यवस्थित, शेवटपर्यंत. काम संपवून ती जिन्यात आली आणि पोटात अशी काही कळ आली की कठडा धरून तिला पायरीवरच बसावं लागलं.

त्या दिवसापासून पोटानं छळ मांडला. सकाळी कामाला निघायची वेळ झाली की आत कोणीतरी ओला कपडा पिळावा तसं व्हायचं. मग धावपळ. चपला घालायच्या, काढायच्या, पुन्हा घालायच्या. कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर संडास आहे हे तिला पाठ झालं. कामाआधी काही खायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं. पोट रिकामं असलं की ते आणखी कुरकुरायचं, आणि ते कुरकुरलं की छाती धडधडायची. छाती धडधडली की पोट पुन्हा पिळवटायचं. सुरुवात कुठून व्हायची ते तिलाही सांगता येईना. नवऱ्याला तिनं सांगितलं की काहीतरी बाधलंय. रोज रोज काय बाधतं, असं त्यानं एकदा विचारलंही.

आईला मात्र फसवता येणं शक्य नव्हतं. जन्मभर माणसांची अंगं वाचूनच तिनं जग समजून घेतलं होतं. अलीकडे तिच्या डोळ्यांवर पडदा येत होता, समोरच्याचे हात तिला धुक्यातून बघितल्यासारखे दिसायचे. तरी एका सकाळी तिनं फरशीवर पाय आपटून खळीला थांबवलं.

"पोट धरून का चालतेस?"

"नाही धरत."

"हात नाही लावत. पण धरतेस. खांदे बघ तुझे." आणि तिनं खळीचं पोक काढून चालणं असं हुबेहूब करून दाखवलं की खळीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली.

पोटाचे डॉक्टर निवांत गृहस्थ होते. तपासण्या झाल्या, आत नळी घालून पाहून झालं. ते म्हणाले, "जखम नाही, गाठ नाही, सूज नाही."

खळीचा चेहरा पडला. "म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? जे नाही ते सांगितलं. त्रास होतोय तो शंभर टक्के खरा आहे." त्यांनी स्वतःच्या मानेवरून बोट खाली पोटापर्यंत आणलं. "इथून इथपर्यंत एक लांबलचक नस आहे. मेंदूचं पोटाला कळतं, पोटाचं मेंदूला. गंमत म्हणजे वरून खाली जेवढे निरोप जातात त्याच्यापेक्षा खालून वर जास्त येतात. भीती वाटली की पोटात गोळा येतो असं आपण म्हणतोच की. तसंच पोटात गोळा आला की मेंदूलाही वाटतं, घाबरण्यासारखं काहीतरी असणार. मग दोघं एकमेकांना घाबरवत बसतात."

"मग थांबवायचं कोणी?"

"दोन्हीकडून प्रयत्न करायचा. आतड्यात जंतूंची वस्ती असते. चांगले, उपयोगाचे जंतू. फार दिवसांच्या ताणानं, अर्धपोटी राहिल्यानं ती वस्ती विस्कटू शकते. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल देतो, त्यात असेच जंतू असतात. पण आधीच सांगतो, हा जादूचा दिवा नाही. काहींना आराम पडतो, पोट शांत होतं, मनाची धाकधूकही थोडी कमी होते. काहींना काडीचा फरक पडत नाही. अजून अभ्यास चालू आहेत. दोन महिने घेऊन बघा, नाही पटलं तर सोडून द्या. वेळेवर जेवायचं, हे मात्र सोडायचं नाही. आणि कोणाशी तरी बोला. समुपदेशक आहेत आमच्याकडे, चांगल्या आहेत."

खळी हसली. "डॉक्टर, मी दिवसभर बोलतच असते."

"दुसऱ्यांचं बोलता," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर औषध लिहायला लागले.

घरी कॅप्सूलच्या डबीवरून मोठी गंमत झाली. आत जिवंत जंतू आहेत हे कळल्यावर आईनं दोन्ही हातांची बोटं टेबलावरून वळवळत खळीच्या पोटापर्यंत चालवत नेली आणि शहारून दाखवलं. "पैसे देऊन किडे गिळतेस?"

नवऱ्यानं खळीची बाजू घेतली. भट्टीवर त्याच्याकडे पिठाचं आंबवण होतं, बरणीत जपलेलं, पाव फुगवणारं. "माझ्या बरणीतही जंतूच आहेत," तो आईला म्हणाला. "रोज वेळेवर खायला घालावं लागतं. एक दिवस चुकलं की रुसतात." मग खळीकडे वळून तोंडानं म्हणाला, "आणि तू बाई पोटाला दिवस दिवस उपाशी ठेवतेस. रुसेल नाही तर काय करेल?" दुसऱ्या दिवसापासून तिच्या पिशवीत रोज पाव आणि उकडलेलं अंडं येऊन पडायला लागलं. आईनंही हार मानली नाही. किडे खायचेच तर घरचे खा, म्हणून ती दूध तापवून दही लावायला लागली.

पहिला आठवडा फजितीचा गेला. कॅप्सूलनं पोटात वारा धरला. कोर्टात एका साक्षीच्या वेळी, न्यायाधीश काहीतरी वाचत असताना आणि सगळीकडे चिडीचूप असताना, खळीचं पोट असं काही गडगडलं की मागच्या बाकावरची माणसंही वळून पाहायला लागली. साक्षीदार बहिरा. त्याला फक्त सगळ्यांच्या माना वळलेल्या दिसल्या. त्यानं हातानं विचारलं, "काय झालं?" आता नियम असा, की खोलीत जे जे ऐकू येतं ते बहिऱ्या माणसाला सांगायचं, लपवायचं नाही. खळीचा चेहरा लालबुंद झाला. तिनं सरळ सांगून टाकलं, "दुभाषीचं पोट वाजलं." साक्षीदाराला हसू आवरेना. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चहाची सुट्टी दिली. खळीला वाटलं होतं, असं काही झालं तर आपण मरूनच जाऊ. तिनं चहा घेतला आणि त्याबरोबर दोन बिस्किटं खाल्ली.

समुपदेशक बाईंकडे पहिल्यांदा गेली तेव्हा तिला बोलायला सुरुवातच करता येईना. 'मी' म्हणून ती थांबायची, आणि पुढचं वाक्य कोणी देईल याची वाट पाहत बसायची. बाई घाई करत नव्हत्या. तिसऱ्या की चौथ्या भेटीत दप्तरवाल्या मुलीबद्दल तिनं सांगितलं. बाबांबद्दल सांगायला आणखी वेळ लागला.

हळूहळू सकाळ थोडी सैल पडायला लागली. एखाद्या दिवशी चपला एकदाच घालून ती बाहेर पडायची. मग पुन्हा दोन दिवस वाईट जायचे. असं खालीवर चाललेलं असतानाच आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचं ठरलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आधी एक डोळा, मग दुसरा. ऐकू येणाऱ्या माणसाला डोळा म्हणजे डोळा असतो, आईला तो कानही होता. काही बिघडलं तर तिचं बोलणंच संपलं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी खळीचं पोट पहिल्यासारखं पिळवटलं. पार पहिल्यासारखं. ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा आई दारासमोर खुर्ची टाकून बसली होती.

"आज तू बोलायचं नाहीस," आई म्हणाली.

"मग कोण बोलणार?"

"दुसरं माणूस बोलाव. तुझ्यासारखे आणखी असतील ना?"

"आई, मी असताना परकं माणूस कशाला?"

आईनं खळीचे दोन्ही हात धरले, खाली दाबले, तिच्या मांडीवर ठेवले, आणि मग स्वतःचे हात वर केले. "मला आज दुभाषी नको. मुलगी बरोबर हवी."

खळीच्या बरोबर काम करणारे एक पोक्त गृहस्थ होते, अंगानं भरलेले, मिशाळ. ते आले. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांच्या शेजारी ते बसले, आणि आईच्या शेजारी खळी. डॉक्टर शस्त्रक्रियेतले धोके सांगायला लागले तसे खळीचे हात तिच्या नकळत मांडीवरून उठले. आईनं त्यांच्यावर हलकेच चापट मारली. थोड्या वेळानं ते पुन्हा उठले. पुन्हा चापट. मिशाळ गृहस्थांना हसू दाबावं लागलं. तिसऱ्यांदा आईनं खळीचा हात सरळ आपल्या मुठीत घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. खळीला काहीच करायचं उरलं नाही. ती फक्त ऐकत राहिली. डॉक्टर आईच्या डोळ्यांबद्दल बोलत होते, आणि ते शब्द कुठेही पोचवायची जबाबदारी तिच्यावर नव्हती, म्हणून ते तिच्यापाशीच थांबले. तिला भीती वाटली. भीती तिची स्वतःची होती. ती रडली तेव्हा डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि बोलणं थोडं थांबवलं.

बाहेर व्हरांड्यात आई खिडकीच्या उजेडात उभी राहिली, खळीच्या अगदी जवळ, कारण दुरून तिला दिसत नव्हतं.

"तुझे बाबा गेले त्या दिवशी," ती म्हणाली, "मी तुझ्या हातांकडे बघत होते. सगळा वेळ हातांकडेच. तुझ्याकडे बघितलंच नाही. एवढीशी होतीस."

खळीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. तसं केलं की दोघींनाही बोलता येत नाही, आणि दोघींनाही ते चालणार होतं.

शस्त्रक्रियेच्या वेळी चेहरा झाकतात. आईला काही दिसणार नाही म्हणून मिशाळ गृहस्थ मास्क-टोपी चढवून आत तिचा हात धरून बसले. एकदा दाबलं तर हलू नको, दोनदा दाबलं तर झालंच. खळी बाहेर बाकावर, इतर नातेवाइकांसारखी. नवरा बेकरीतून परस्पर तिथेच आला होता, बाहीला पीठ तसंच. त्यानं पिशवीतून पाव काढला. खळीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागलीय. इस्पितळात, आई आत असताना. तिनं अर्धा पाव संपवला, मग त्याच्या वाट्याचाही.

"त्याचे हात बर्फासारखे गार होते," बाहेर आल्याबरोबर आईनं तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आईनं आधी भिंत पाहिली, मग खिडकी, मग खळीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ निरखला. डॉक्टरांना वाटलं, काहीतरी भावुक बोलणार.

"केस किती पांढरे झालेत तुझे," आई म्हणाली. "मला कोणी सांगितलं नाही."

पुढे खळीनं कॅप्सूल बंद केल्या. नक्की कशानं बरं वाटलं, असं लोक विचारतात. जंतूंनी, पावानं, समुपदेशक बाईंनी की त्या दिवशीच्या चापटींनी, हे तिला सांगता येत नाही, आणि पोटाच्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे काही सांगितलं नाही. ते इतकंच म्हणाले, वजन वाढलंय, छान. मोठ्या, कठीण कामांना आता ती जोडीनं जाते, अर्धं एकानं अर्धं दुसऱ्यानं. कधी कधी सकाळी पोट अजूनही पिळवटतं. मग ती पाच मिनिटं बसते, आणि उशीर झाला तर झाला.

एक गोष्ट मात्र तिनं केली. इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरांची भेट मागितली. त्या खोलीत ती कितीतरी वेळा जाऊन आली होती, पण नेहमी कोणाची तरी होऊन. या वेळी बरोबर कोणी नव्हतं. बसल्याबरोबर पोटात कालवाकालव सुरू झाली. ती तशीच बोलली. "मी नऊ वर्षांची असताना माझ्या आईला मी सांगितलं की बाबा जगणार नाहीत. तुमच्यासारख्याच एका इस्पितळात. आणि काही महिन्यांपूर्वी तुमच्याकडे एका मुलीनं तेच केलं. लहान मुलांकडून असले निरोप सांगून घेऊ नका. दुभाषी येईपर्यंत थांबा, नाहीतर आम्हाला व्हिडिओवर बोलवा, आम्ही कोणीतरी असतोच." मुख्य डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. महिन्याभरात तसा नियम झाला. वॉर्डावॉर्डांतून पाट्या लागल्या, आणि नर्सबाईंच्या टेबलावर व्हिडिओचा फोन आला.

भेट झाली त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी होती, दूध तापत ठेवलेलं. आईनं भुवया उंचावून विचारलं, काय झालं? खळीनं पिशवी खाली टाकली आणि सांगायला लागली. खोली कशी होती, त्यांचं टेबल केवढं, फोन कसा वाजला, आपण काय बोललो, आवाज कुठे कापला. हात थांबेनात. आई एका नव्या आणि एका जुन्या डोळ्यानं तिच्याकडे टक लावून बघत होती, मध्येच मान हलवत होती. दूध वर आल्याचं खळीला ऐकू आलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अगं, दूध!" आतल्या खोलीतून नवरा ओरडला.

"जाऊ दे," खळी तोंडानं म्हणाली, आणि हातांनी पुढचं सांगत राहिली.